झीज कुठे पडावी?

जुना घडीचा चाकू हातात आला की बहुतेक लोक अंगठ्याने धार चाचपतात. जाणकार माणूस पातं पूर्ण उघडतो, मूठ घट्ट धरतो आणि पात्याचं टोक दोन बोटांत पकडून डावी-उजवीकडे हलवून पाहतो. तसं करण्याला कारण आहे. बोथट धार दगडावर घासून परत आणता येते. पातं आणि मूठ यांना जोडणारी खीळ सैल पडली, तिचं भोक लांबट झालं, तर मात्र उत्तम धारेचा चाकूही भरवशाचा राहत नाही. धार कापण्याने झिजते. सांधा झिजतो तो उघडण्या-मिटण्याने. चाकूच्या इतिहासात पोलादाबद्दल आणि धारेबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण तो कसा उघडायचा हा प्रश्न सोयीचा किंवा वेगाचा समजून बाजूला पडतो. वास्तविक, गेल्या अर्धशतकापर्यंत बहुतेक कारागिरांनी या प्रश्नाचं उत्तर वेगाच्या हिशेबाने दिलेलं नाही. झीज टळणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ती कुठे पडू द्यायची एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि उघडण्याची प्रत्येक पद्धत हा त्याबद्दलचा एक निर्णय होता.

सगळ्यात जुना निर्णय घर्षणाचा. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू साधारण ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला मानतात. रोमन काळातले असे चाकू युरोपभर सापडले आहेत. यांत स्प्रिंग नाही, अडसर नाही. मुठीच्या दोन बाजू पात्याच्या मुळाला आवळून धरतात, तेवढ्यावर पातं जागी राहतं. आपल्या न्हाव्याचा जुना वस्तरा याच कुळातला. त्याच्या पात्याच्या मागे निघालेली शेपटी बोटाने दाबली की पातं उघडतं आणि बोट तिथेच राहिलं की ते मिटत नाही. जपानमधल्या ह्योगो प्रांतातल्या मिकी या गावी 1890च्या दशकात आकाराला आलेल्या ‘हिगोनोकामी’ चाकूचीही रीत हीच आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खीळ आणि अंगठ्याने दाबायचा छोटा दांडा, एवढाच त्याचा संसार. अशा चाकूत सगळी झीज एकट्या खिळीवर येते. हे उघड्या डोळ्यांनी पत्करलेलं होतं, कारण सैल पडलेली खीळ ऐरणीवर ठेवून हातोडीने दोन हलके ठोके दिले की पुन्हा घट्ट बसते. दुरुस्ती मालकाच्या घरात होत असेल तर झीज हा दोष राहत नाही, देखभालीचा भाग होतो.

फ्रान्समधल्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने 1890 साली बनवायला घेतलेला चाकूही मुळात घर्षणाचाच. 1897 पासून तो 1 ते 12 अशा क्रमांकांच्या आकारांत मिळू लागला. मूठ लाकडाची असल्याने पावसात, ओल्या कुरणात ती फुगते आणि पातं आतच आवळलं जातं. नखाने ओढून ते हलत नाही. यावर तिकडच्या शेतकऱ्यांनी काढलेला तोडगा आजही ‘साव्वावाल्याचा ठोका’ म्हणून ओळखला जातो. मिटलेला चाकू हातात धरून मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर आपटायचं. झटक्याने पात्याचं नाक खाचेतून वर येतं आणि मग ते बोटांत धरून उघडता येतं. इथे मार बसतो तो मुठीच्या बुडाच्या लाकडाला, म्हणजे चाकूच्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपद्रवी जागेला. खीळही वाचते आणि नखही. 1955 साली पातं उघडं असताना अडवून धरणारी फिरती कडी या चाकूला बसली, तरी सांधा जुनाच राहिला.

दुसरा मोठा निर्णय स्प्रिंगचा, आणि तो जगभर पोचवला इंग्लंडमधल्या शेफिल्डने. या गावाचं चाकूंशी नातं इतकं जुनं की चौदाव्या शतकात कवी चॉसरने आपल्या एका पात्राच्या मोज्यात शेफिल्डचा चाकू दिला आहे. 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथे कटलरांची कंपनी स्थापन झाली आणि पुढे खिशातला स्प्रिंगचा चाकू ही गावाची ओळख बनली. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी बसवलेली असते. पात्याचं मूळ साधारण चौकोनी असतं. पातं फिरवलं की त्या चौकोनाचा कोपरा पट्टीला वर उचलतो आणि कोपरा पुढे गेला की पट्टी ‘खट्’ आवाज करून सपाट बाजूवर बसते. उघडं पातं आणि मिटलेलं पातं, दोन्ही या एकाच दाबाने जागी राहतात. म्हणजे झीज आता दोन ठिकाणी वाटली गेली: खिळीवर थोडी, आणि पट्टीच्या आतल्या अंगावर व मुळाच्या कोपऱ्यांवर थोडी. हे दोन्ही पृष्ठभाग कडक पोलादाचे. खीळ जिथे बसते त्या मुठीच्या आतल्या पट्ट्या मात्र बहुधा मऊ पितळेच्या, म्हणून तिथला भार कमी करणं महत्त्वाचं होतं.

आणखी एक बारीक जागा आहे. पात्याच्या मुळाशी, धारेच्या बाजूला, एक छोटा उंचवटा सोडलेला असतो. मिटल्यावर पातं त्या उंचवट्यावर टेकतं, त्यामुळे धार आतल्या स्प्रिंगला शिवत नाही. मिटताना पातं हातातून सोडून ‘टप्’ करून आपटू देण्याची सवय असेल, तर मार या उंचवट्यावर बसतो. तो वर्षानुवर्षं चेपत गेला की पातं मुठीत खोल बुडू लागतं. त्याचे दोन परिणाम एकदमच दिसतात: धारेला मधोमध बारीक दात पडतात, कारण ती आता स्प्रिंगवर आपटते, आणि नखाने पातं ओढण्यासाठी केलेली खाच मुठीच्या कडेखाली गडप होऊ लागते, म्हणजे चाकू उघडणंच अवघड होतं. फ्रान्समध्ये 1829 पासूनची परंपरा सांगणाऱ्या लाग्योल चाकूंबद्दल ‘पातं आपटू देऊ नये, हाताने आत पोचवावं’ असा दंडक आहे तो यासाठीच. बाहेरच्याला तो जेवणाच्या टेबलावरचा शिष्टाचार वाटतो. मुळात ती यंत्राची निगा आहे.

नखाच्या खाचेला या व्यवस्थेत एक काम आहे, ते सहज ध्यानात येत नाही. नख फार जोर सोसत नाही. स्प्रिंग अवाजवी ताठ केली तर गिऱ्हाइकाचं नख तुटेल आणि चाकू दुकानात परत येईल. त्यामुळे कारागिराला स्प्रिंगचा ताण माणसाच्या नखाच्या मापात ठेवावा लागे, आणि ताण मापात राहिला की घासणही मापात राहते. शिवाय नखाने उघडताना दुसरा हात मूठ धरून असतो, पातं सावकाश फिरतं, शेवटी बसतं तेही हाताच्या ताब्यात. कार्ल एल्सनरने 1897 साली नोंदवलेला स्विस अधिकाऱ्यांचा चाकू याच मर्यादेत राहून केलेला आहे. सहा हत्यारं फक्त दोन स्प्रिंगांवर चालवण्याची त्याची युक्ती टिकली, कारण ती सगळी एकेक करून, नखाने, हळू उघडली जाणार होती.

यावर पहिला आक्षेप असा निघेल की जुने चाकू सांध्याने नाही, धारेनेच संपत. घासून घासून पातं सुईसारखं अरुंद झालेले चाकू जुन्या बाजारात ढिगाने दिसतात. खरं आहे. पण ते चाकू माझ्याच बाजूने साक्ष देतात. पातं निम्मं घासलं जाईपर्यंत चाकू वापरात राहिला, याचा अर्थ सांध्याने तोपर्यंत साथ दिली. सांधा आधी गेला असता तर एवढी धार लावण्याची वेळच आली नसती. गंज आणि खिशातली धूळ यांची भर धरली तर ही साथ आणखी मोलाची ठरते. तेल न घातलेल्या सांध्यात गंजाची भुकटी आणि धूळ मिळून पॉलिश पेपरचं काम करतात, आणि पातं जितक्या जोराने फिरेल तितकं ते काम लवकर होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका हाताने दोर धरलेला खलाशी किंवा शिडीवर उभा असलेला कामगार दोन हातांनी चाकू कसा उघडणार? ही गरज नवी नाही आणि जुन्या कारागिरांनी ती ओळखली नव्हती असंही नाही. मुठीची कड अर्धवर्तुळात कापून पातं चिमटीत धरता येईल असे चाकू ते करत. हिगोनोकामीचा दांडाही एका अंगठ्याचाच. पण ही सगळी उत्तरं सावकाश उघडण्याची होती. खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. 1964 साली आलेल्या बक 110 या चाकूने पाठीतल्या अडसराने पक्कं अडकणारं मोठं पातं शिकाऱ्यांपासून सुतारांपर्यंत पोचवलं. 1981 साली स्पायडर्को कंपनीने पात्यातच गोल भोक पाडून अंगठ्याने उघडण्याची सोय केली. त्याच दशकात चाकू-कारागीर मायकेल वॉकरने मुठीच्या आतली पट्टी बाजूने सरकून पात्यामागे अडकेल असा अडसर रूढ केला. नखाची मर्यादा इथे संपली.

ती संपताच झीज कुठे पडेल हे ठरवण्याचा अधिकार कारागिराकडून वापरणाऱ्याच्या मनगटाकडे गेला. अंगठ्याने हळू उघडायचा चाकू लोक मनगटाच्या झटक्याने उघडू लागले. पातं पूर्ण वेगाने येऊन थांबतं तेव्हा तो सगळा आघात थांबवणाऱ्या खुंटीवर आणि अडसराच्या टोकावर बसतो. बाजूने सरकणारी पट्टी नव्या चाकूत पात्याच्या मुळाच्या कडेशी अडकते. झटक्यांनी दोन्ही पृष्ठभाग चेपत गेले की ती दरवेळी थोडी पुढे सरकते, आणि पार पलीकडे पोचली की पातं वर-खाली हलू लागतं. टायटॅनियमची पट्टी कडक पोलादावर घासून चिकटते, म्हणून पुढे तिच्या टोकाला पोलादी तुकडा बसवण्याची वेळ आली. कापण्याच्या कामाशी या झिजेचा काही संबंध नाही. दिवसभरात एक दोरी कापायची आणि चाकू पन्नासदा उघडमीट करायचा, अशा वापराची ती झीज आहे.

तिसरा आक्षेप इथेच येतो: आताच्या चाकूत खिळीच्या जागी स्क्रू आहे, घासणाऱ्या जागी कांस्याच्या चकत्या किंवा छर्रे आहेत, सैल झालं तर आवळता येतं; मग बिघडलं काय? हा मुद्दा मान्य करावाच लागतो. स्क्रू हा हातोडीच्या ठोक्याचा सुधारलेला वारस आहे आणि त्याने दुरुस्ती पुन्हा मालकाच्या हाती आली. पण स्क्रू आवळून सांध्याचा ढिलेपणा जातो. चेपलेला अडसर भरून येत नाही. त्याला नवा भाग लागतो आणि तो फक्त मूळ कंपनीकडे असतो. शेफिल्डच्या चाकूची झीज गावातला कोणताही धार लावणारा सावरू शकत होता.

वेगाला झिजेपलीकडचं मोलही द्यावं लागलं. ब्रिटनने 1959 साली बटण दाबताच उघडणारे चाकू विकण्यावर बंदी आणली. 1988च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतचं घडीचं पातं कारणाशिवाय बाळगायची मुभा ठेवली, आणि पुढे न्यायालयाने अडसराचा चाकू या मुभेत बसत नाही असं ठरवलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू मुंबईच्या हिंदी सिनेमाने घरोघरी नेला. पडद्यावर त्याचं काम कापण्याचं फार कमी, झटकन उघडून दाखवण्याचंच जास्त. शेवटी साडेचार इंचांहून लांब पात्यांवर सरकारी बंदी आली आणि त्या कारागिरांचा धंदा आटला. 2008 साली स्विस सैन्याने आपल्या सैनिकांना एका हाताने उघडणारा, अडसर असलेला चाकू दिला. त्याच वर्षी जर्मनीने अशा चाकूला सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय मज्जाव केला. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. मात्र दोन हातांची पद्धत कायद्याच्या धाकाने टिकली, हा समज उलटा आहे. ती कायद्याच्या कितीतरी आधीची. सावकाश उघडणाऱ्या चाकूचा मालक कामासाठीच तो बाळगतो, हे कायद्याने नंतर ओळखलं एवढंच.

म्हणून नखाच्या खाचेपासून अंगठ्याच्या भोकापर्यंतचा प्रवास ही सरळ प्रगतीची रेषा मानता येत नाही. ज्याचा एक हात खरोखर अडकलेला असतो त्याच्यासाठी नवा चाकू हे जुन्या गरजेचं चांगलं उत्तर आहे, आणि तो सावकाश उघडला तर जुन्याइतकाच टिकेल. ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत त्याला वेगाने काही मिळत नाही. तो फक्त कारागिराने विचारपूर्वक ठरवलेली झीज मोडून आपल्या सवयीची झीज तिथे आणतो, आणि ती दुरुस्त करणारा माणूस आता त्याच्या गावात राहिलेला नाही.