प्रस्तावना : सोरायसिसचे डॉक्टर घडवताना

एमडीची तीन वर्षे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग या तिन्हींत वाटली जातात. ओपीडीत सोरायसिसचे रुग्ण पुष्कळ दिसतात, पण पाहिलेला रुग्ण पुन्हा भेटेलच असे नाही. तो फेरतपासणीला येतो तेव्हा रेसिडेंटची पोस्टिंग बदललेली असते. आजार मात्र तीस-तीस वर्षे पाठ सोडत नाही. या विषयात पाऊल टाकणाऱ्या तरुण डॉक्टरांचे स्वागत करताना ही अडचण आधीच सांगितलेली बरी. फेलोशिप हवी ती त्यासाठीच.

निदान पुस्तकातून शिकता येते, असे आपण धरून चालतो. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१मध्ये सोरायसिस कुष्ठरोगापासून स्पष्टपणे वेगळा काढला, तेव्हापासून वर्णने तर भरपूर झाली. आपल्याकडे आज घोटाळा होतो तो नायट्याशी. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे मलम महिनोन्महिने चोळले की चट्ट्याला ना धड कडा उरते, ना खपली. मुरलेला डॉक्टर मग चट्ट्यापाशी अडून बसत नाही. कानामागे पाहतो, बेंबी पाहतो, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का ते पाहतो आणि सहज विचारतो, "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का हो? मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" सांधे धरू लागल्याचा सुगावा अशा प्रश्नातून लागतो. तो उशिरा लागला, तर वाकडी झालेली बोटे सरळ होत नाहीत.

मोजमापाचेही तसेच. १९७८पासून वापरात असलेल्या 'पासी'त लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती पाहून ० ते ७२ गुण देतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली जांभळट, कधी करडी दिसते. नवखा डॉक्टर गुण कमी देतो आणि आजार कागदावर सौम्य ठरतो. गुरू-शिष्यांनी एकाच रुग्णाला वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग फरकावर खुशाल भांडावे; याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलसारख्या संस्था तरुण त्वचारोगतज्ज्ञांना अनुभवी तज्ज्ञांजवळ शिकण्याची संधी देतात. ती जरूर घ्यावी. पण मोठ्या केंद्रांत नव्या बायोलॉजिक इंजेक्शनांचीच चर्चा अधिक, आणि तालुक्याच्या गावी परवडते ते मेथोट्रेक्सेट. (परिषदांच्या बॅनरवर या जुन्या, स्वस्त गोळीचे नाव क्वचितच झळकते.) ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रुग्णाने रोज घेतली, तर तोंड सोलते, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवही जातो. म्हणून जाणता मार्गदर्शक चिठ्ठीवर 'सोमवार' असे मराठीत लिहितो, खाली रेघ ओढतो आणि रुग्णाकडून वार वदवून घेतो. बायोलॉजिक सुरू करण्यापूर्वी छातीत दबून राहिलेला क्षय शोधणे, 'हे पसरतं का?' या सासरच्या माणसांच्या प्रश्नाला त्यांच्यासमोरच उत्तर देणे, हेही याच शिक्षणात येते.

पुढील प्रकरणे औषधांच्या क्रमाने लावलेली नाहीत. प्रत्येक प्रकरणात एकाच रुग्णाचा अनेक वर्षांचा केसपेपर आहे. समासात शिष्याचे प्रश्न आणि मार्गदर्शकाची उत्तरे आहेत. काही प्रश्न फेलोशिप संपल्यावर फोनवरून विचारलेले आहेत, तेही तसेच ठेवले आहेत.