जन्नत आणि सत्कर्म (इस्लाम)

जन्नत ही इस्लाम धर्मातील स्वर्गाची संज्ञा होय. इहलोकीचे जीवन ही परीक्षा असून तिचा निवाडा कयामतच्या दिवशी होतो, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. ईमान (ईश्वरावरील श्रद्धा), नमाजादी उपासना आणि सत्कर्मे ही जन्नतप्राप्तीची साधने मानली जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यासह कोकणातील मुस्लिम समाजात या साधनांचे आचरण प्रामुख्याने शाफई मजहबानुसार (विधिसंप्रदायानुसार) होते.

संकल्पना

‘जन्नत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘बाग’ असा आहे. ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून, वृक्षराजीने झाकलेली भूमी असा त्याचा आशय आहे. कुराणात जन्नतचे वर्णन खालून नद्या वाहणारे उद्यान असे वारंवार येते. हदीसनुसार जन्नतला आठ दरवाजे व शंभर श्रेणी असून ‘फिरदौस’ ही सर्वोच्च श्रेणी होय. रोजे ठेवणाऱ्यांसाठी ‘रय्यान’ नावाचा स्वतंत्र दरवाजा सांगितला आहे.

नमाज

प्रौढ मुस्लिम व्यक्तीवर दिवसातून पाच वेळा नमाज अनिवार्य आहे. फज्र (२), जुहर (४), असर (४), मगरिब (३) व इशा (४) अशा एकूण १७ रकाती फर्ज मानल्या जातात. कुराणाच्या ११ व्या अध्यायात नमाजाच्या आज्ञेसोबतच सत्कर्मे दुष्कर्मांना दूर करतात असे सांगितले आहे (११:११४). तथापि केवळ बाह्य विधी पुरेसा नाही. ‘अल-माऊन’ या १०७ व्या अध्यायात अनाथाला हाकलणारा, दिखाऊपणे नमाज पढणारा आणि शेजाऱ्याला किरकोळ वस्तूही नाकारणारा यांची कठोर निंदा केली आहे.

सत्कर्मे

अल्लाहप्रती असलेली कर्तव्ये (हुकूकुल्लाह) आणि माणसांप्रती असलेली कर्तव्ये (हुकूकुल इबाद) असे कर्तव्यांचे दोन भाग केले जातात. ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून देणे बंधनकारक आहे. याखेरीज ऐच्छिक दान (सदका), मातापित्यांची सेवा, अनाथांचा सांभाळ व प्रामाणिक व्यवहार ही महत्त्वाची सत्कर्मे होत. मृत्यूनंतरही तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते, असे हदीस सांगते: निरंतर उपयोगी पडणारे दान, लाभदायक ज्ञान आणि सदाचारी अपत्याची प्रार्थना.

‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील एका हदीसमध्ये खऱ्या ‘दिवाळखोरा’चे वर्णन आहे. तो भरपूर नमाज, रोजे व जकात घेऊन येतो. परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचे धन हडपलेले असते. त्याचे पुण्य पीडितांना वाटले जाते आणि अखेर तो रिकाम्या हाताने उरतो. माणसाचा हक्क बुडवल्यास केवळ उपासनेने त्याची भरपाई होत नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

कर्म आणि कृपा

कोणीही केवळ आपल्या कर्माच्या बळावर जन्नतमध्ये जाणार नाही, त्यासाठी अल्लाहची कृपा आवश्यक आहे, असेही हदीस सांगते. यावरून धर्मशास्त्रज्ञांत वाद झाला. सत्कर्माचे फळ देणे ईश्वरी न्यायानुसार अनिवार्य आहे, असे मुअतजिला मानीत. तर ईश्वरावर कोणतेही बंधन नसून फळ ही त्याची कृपाच होय, असे अशअरी पंथाचे मत आहे. प्रयत्न सोडू नये आणि पुण्याचा गर्वही बाळगू नये, म्हणजेच भय व आशा यांचा समतोल राखावा, ही सर्वसामान्य शिकवण आहे.

कोकणातील आचरण

भारतातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी असले तरी अरबी समुद्रमार्गे झालेल्या संपर्कामुळे कोकणात शाफई मजहब रुजला. त्यानुसार असरची वेळ हनफींपेक्षा लवकर सुरू होते आणि फज्रच्या नमाजात ‘कुनूत’ ही प्रार्थना म्हटली जाते. ईदपूर्वीचा फितरा स्थानिक मुख्य धान्याच्या रूपात द्यावा, असा शाफई नियम आहे. कोकणात असे धान्य म्हणजे तांदूळ.

कोकणी मुस्लिमांत आदरणीय असलेले माहीम (मुंबई) येथील सूफी विद्वान मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे शाफई पंथाचे होते. त्यांनी कुराणावर अरबी भाष्य लिहिले. आईने रात्री पाणी मागितले, परंतु ते आणेपर्यंत तिला झोप लागली. तेव्हा ते पेला हातात घेऊन पहाटेपर्यंत उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. जन्नत मातेच्या चरणांपाशी आहे, या आशयाच्या हदीसचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते.