तीन प्रती, एक डिस्क

सकाळी ८. बुधवार, ३ जून २०२०. 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या आसपास किनाऱ्यावर धडकणार. रेवदंड्यात वारा अजून साधाच. खाडीतल्या होड्या आत ओढून बांधल्यात. मार्चपासून आमच्याकडे अडकलेला भाचा मागे लागतो, "मामा, वीज जायच्या आत माझ्या शेताचं नाव दुरुस्त करून दे ना."

शेत 'स्टार्ड्यू व्हॅली' या कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. लॉकडाऊनभर राबून उभं केलेलं. नाव दिलं रेवदंडा, पण स्पेलिंगमधला एक डी राहून गेला होता.

९.१५. आधी खेळ पूर्ण बंद केला. तो चालू असताना फाइल बदलली, तर शेतकरी झोपताच खेळ आपल्याजवळचं जुनंच पुन्हा लिहितो. मग सेव्हचं अख्खं फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी केलं.

"पेनड्राइव्हवर पण टाकू?"

पेनड्राइव्ह समोरच्या कपाटात होता. "नंतर," मी म्हणालो.

९.४०. नोटपॅडमध्ये फाइल उघडली. सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत. दोन टॅगांच्या मधलं नाव तेवढं बदलायचं. टॅगचा एक कंस मोडला तरी शेत उघडत नाही. नाव 'सेव्हगेमइन्फो' या दुसऱ्या फाइलमध्येही असतं, तिथेही बदललं. सेव्ह करताना नावापुढे टीएक्सटी चिकटू दिलं नाही.

१०.२०. भाच्याने खेळातला एक दिवस काढला, झोपला, पुन्हा उघडलं. नाव बरोबर! पोरगं उड्या मारत होतं. आदल्या रात्रीची एक प्रत हा खेळ 'ओल्ड' म्हणून स्वतःच ठेवतो. म्हणजे चालू, ओल्ड आणि डेस्कटॉपवरची, अशा तीन प्रती झाल्या. मला अगदी निश्चिंत वाटलं. तिन्ही एकाच डिस्कवर आहेत, हे मनातही आलं नाही.

११.३०. वीज गेली. वाडीत झावळ्या तुटून पडू लागल्या.

दुपारी १. कौलं उडाली. आईला धरून आम्ही स्वयंपाकघरात गेलो, तिथे वर स्लॅब आहे. मधल्या खोलीत वासा कोसळला तो थेट सीपीयूवर, आणि त्यावर उघड्या छपरातून पाऊस.

५. सीपीयूचा डबा उचलला तर आतून पाणी ओघळलं. डिस्क चेपली होती. कपाट शाबूत, त्यातला पेनड्राइव्ह कोरडा. त्यावर काहीच नव्हतं.

भाचा रडला नाही, मला बोलला नाही. मागे बाबा आडव्या झालेल्या पोफळी मोजत होते. नवं रोप धरायला पाच-सात वर्षं जातात. तो त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. "आजोबा, त्या बाजूच्या मी मोजतो."