नाणेघाट, प्राग आणि मराठीची चतुर्थी

मराठी व्याकरणाचा इतिहास सहसा दादोबा पांडुरंग तर्खडकरांपासून सांगितला जातो. १८३६ साली त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. या परंपरेतून आपल्या शालेय पुस्तकांत संस्कृतच्या धर्तीवरचा आठ विभक्तींचा तक्ता स्थिरावला. द्वितीया : स, ला, ते. चतुर्थी : स, ला, ते. दोन्ही ओळी सारख्याच आहेत, तरी त्या दोन का, हा प्रश्न वर्गात कधीतरी एखादा विद्यार्थी विचारतो, आणि 'अर्थ वेगळा आहे' असे उत्तर देऊन आपण पुढे जातो. या उत्तराची तपासणी करण्यासाठी आम्ही येथे दोन ठिकाणचे पुरावे एकत्र आणू इच्छितो. एक ठिकाण जुन्नर तालुक्यातले आहे आणि दुसरे मध्य युरोपातले.

कोकणातून चढून आलेला जुना व्यापारी मार्ग नाणेघाटाने जुन्नरकडे येतो. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लिपीतील मोठा प्राकृत लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास धरतात. यज्ञांच्या आणि दानांच्या आकड्यांमुळे इतिहासकारांनी त्याला महत्त्व दिले. व्याकरणाच्या अभ्यासकाला मात्र त्याचा आरंभच पुरेसा आहे. आरंभी देवतांना वंदन आहे. संस्कृतात 'नमः' या शब्दाच्या योगाने चतुर्थी येते, म्हणजे 'धर्माय', 'इन्द्राय' अशी रूपे हवीत. शिळेवर आहेत 'धंमस' आणि 'इदस', म्हणजे षष्ठीची रूपे. पुढे 'लोकपालानं' आहे, तीही षष्ठीच, अनेकवचनी. 'आय' हा चतुर्थीचा प्रत्यय प्राकृतातून एकदम नाहीसा झाला असे नाही, हेतू सांगताना तो काही ठिकाणी उरला. पण देण्याचा, वंदनाचा, संप्रदानाचा मोठा प्रांत षष्ठीने व्यापला होता. दोन हजार वर्षांपूर्वी!

या षष्ठीचे पुढे काय झाले हे झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या १९२० सालच्या फ्रेंच ग्रंथात दाखवले. १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. 'देवस्य'चे 'देवस्स', त्याचे 'देवास', आणि शेवटचा वर्ण झिजून 'देवा'. देवाने, देवाला, देवाचा, देवात या सर्वांच्या पोटी असलेले सामान्यरूप ते हेच. 'लोकपालानं' मधल्या 'आनं'चा वारसा 'लोकपालांना' मधल्या 'आं'मध्ये आहे. 'देवास' मधला 'स'देखील या षष्ठीचाच अवशेष, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९४८ साली मधुकर अनंत मेहेंदळे यांचे शिलालेखांतील प्राकृतांचे ऐतिहासिक व्याकरण प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही सामग्री अभ्यासकांच्या हाताशी आहे.

आता प्राग. १९२६ साली विलेम माथेसियुस यांच्या पुढाकाराने तेथे एक भाषाभ्यास मंडळ स्थापन झाले. रोमान याकोब्सन आणि निकोलाय त्रुबेत्स्कोय हे रशियन अभ्यासक त्याच्याशी जोडलेले होते. १९२९ साली स्लाव्ह भाषाभ्यासकांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे मंडळाने आपली सूत्रे मांडली. सोस्यूरने भाषेची एककालिक व्यवस्था आणि तिचा इतिहास यांत भिंत घातली होती. प्राग मंडळाला व्यवस्था मान्य होती, भिंत मान्य नव्हती. एखाद्या रूपाचे मूल्य त्याच्या शेजारच्या रूपांशी असलेल्या विरोधावरून ठरते, आणि इतिहासात बदलतात ते सुटे शब्द नसून हे विरोधसंबंध, अशी ही दृष्टी होती.

ती चेक भाषेवर लावून पाहू. चेकमध्ये सात विभक्ती मानतात. 'क्निहा' म्हणजे पुस्तक. त्याची चतुर्थी आणि सप्तमी एकच : 'क्निझे'. मग या दोन विभक्ती कशाला? कारण 'ह्राद', म्हणजे गढी, या शब्दात चतुर्थी 'ह्रादु' आणि सप्तमी 'ह्राद्ये' अशी वेगळी होते. भाषेत कोठेतरी रूपभेद आहे, म्हणून विभक्तिभेद आहे. हीच कसोटी मराठीच्या तक्त्यास लावावी. नाम घ्या, सर्वनाम घ्या, एकवचन घ्या, अनेकवचन घ्या : 'त्याला पाहिले', 'त्याला दिले'. द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय कोठेही वेगळे होत नाहीत. अर्थ वेगळा आहे, हे खरे. पण अर्थाच्या त्या भेदाला कर्म आणि संप्रदान ही नावे पाणिनीनेच दिली, आणि कारक व विभक्ती यांची गल्लत त्याने केली नाही. ती आपण केली.

यावर कोणी म्हणेल की परंपरेतला तक्ता सोडायचा कसा? उत्तर जुन्नरच्या लेण्यांतच आहे. इरिल नावाच्या एका यवनाने येथे पाण्याची दोन टाकी दान दिली. लेखात 'बे पोढियो' असे शब्द आहेत. संस्कृतात येथे द्विवचन आले असते. प्राकृतात द्विवचन उरले नव्हते, म्हणून 'बे' हा संख्यावाचक शब्द आणि पुढे अनेकवचन. हा 'बे' आपल्या 'बे एके बे'मध्ये अजून जिवंत आहे. मराठी व्याकरणकारांनी द्विवचन मुकाट्याने सोडले, कारण मराठीत त्याचे रूप नाही. मग ज्या कारणाने द्विवचन गेले, त्याच कारणाने चतुर्थी का जाऊ नये? चेकमध्येही हात, डोळे अशा काही शब्दांत द्विवचनाचे अवशेष आहेत, पण म्हणून त्या भाषेत आज तीन वचने मोजत नाहीत.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. संस्कृतचा साचा टाकून प्रागचा साचा उचलला तर मूळ दोष तसाच राहील. माथेसियुस यांनी वाक्याची विभागणी ज्ञात आणि नवे अशी केली. चेकमध्ये सामान्यतः नवे ते वाक्याच्या शेवटी येते. 'पेत्र च्ते क्निहु' म्हणजे पेत्र वाचतो ते पुस्तक. 'क्निहु च्ते पेत्र' म्हणजे पुस्तक वाचतो तो पेत्र. मराठीत शेवटची जागा बहुधा क्रियापदाने धरलेली असते. डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. 'आंबेगाव पाण्याखाली गेले' हे वाक्य गावाचे काय झाले ते सांगते. 'पाण्याखाली आंबेगाव गेले' हे वाक्य कोणते गाव गेले ते सांगते. नवे आले ते क्रियापदाच्या लगेच आधी. माथेसियुस यांचा प्रश्न मराठीला उपयोगी पडतो, त्यांचे चेकसाठीचे उत्तर जसेच्या तसे पडत नाही.

प्राग मंडळाकडून घ्यायचे ते हे. त्यांनी आपल्या भाषेचे वाक्य समोर ठेवून नियम शोधला. मराठीतही अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' करून संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही साच्यांविषयी प्रश्न उभे केले. तरीही आठ ओळींचा तक्ता टिकून आहे. तो पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नकळत असे शिकवतो की व्याकरण म्हणजे भाषेत न दिसणारी गोष्ट मान्य करणे. हे नुकसान एका विभक्तीपुरते राहत नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना नाणेघाट दूर नाही. विभक्तिविचाराचा पहिला तास 'धंमस' या एका शब्दाने सुरू करावा, आणि तक्त्यात किती ओळी असाव्यात हे त्यांनाच मोजू द्यावे.