तळटीप : मसाला बाजारातला ठसका

* 'मिरचीचा वास नाकात शिरला' : वाशीच्या बाजार समितीतल्या मसाला बाजाराबद्दलचे हे वाक्य. बोलतो आपण सगळेच असे, पण तिथे तीन वेगळ्या चेता कामाला लागतात. दालचिनी-वेलदोड्याचा गंध नाकपोकळीच्या छतातल्या पेशी टिपतात. त्यांचे तंतू, म्हणजेच पहिली मस्तिष्क-चेता, बारीक भोकांच्या हाडातून वर जाऊन गंधकंदात पोहोचतात. दृष्टी, श्रवण आणि चव यांच्या संदेशांना मेंदूच्या बाह्यकाकडे जाताना थॅलॅमस हा टोलनाका लागतो. गंध तो टाळून बाह्यकात आणि भावनांशी निगडित अमिग्डालात थेट जातो. जुन्या वासाने माणूस एकदम हळवा होतो, त्यामागे बहुधा हीच जवळीक असावी.

मिरचीची गोष्ट निराळी. तिच्यातल्या कॅप्सेसिनला वास जवळपास नसतोच. हवेत उडालेली पूड नाकाडोळ्यांतल्या ट्रायजेमिनल या पाचव्या चेतेची टोके चेतवते आणि घशात खोकला उठवते ती दहावी चेता, व्हेगस. कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चिकटते तोच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसपुढची उष्णता ओळखतो. म्हणून तिखट 'भाजते'. हा ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे नोबेल विभागून मिळाले. षड्रसांत तिखटाला मानाचे पान असले, तरी आजचे शरीरशास्त्र त्याला चव मानत नाही. गंधज्ञान गमावलेल्या माणसाच्याही डोळ्यांना त्या गाळ्यांत पाणी येते, ते पाचव्या चेतेमुळेच. लेखकाचे वाक्य मात्र बदललेले नाही.
—संपादक