प्रेक्षकांचा पैसा आणि खेळांची घडण

खेळाचे नियम पंच सांभाळतो आणि खेळाचें कौशल्य खेळाडू सांभाळतो; परंतु कोणत्या संघानें कोणाशीं, कोठें व कोणाच्या नांवानें खेळावें, हें बहुधा तिसऱ्याच हातानें ठरतें. तो हात तिकिटाच्या खिडकीमागें पैसे मोजणाऱ्याचा होय. आपल्या देशांतील क्रिकेटचा आणि अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास शेजारीं ठेवून पाहिला, म्हणजे या विधानाची सत्यता पटते. आणि त्या इतिहासांत नागपूरचा भाग प्रथमदर्शनीं वाटतो त्याहून मोठा आहे.

मुंबईस १८९२ सालीं युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांना आरंभ झाला. १९०७ सालीं हिंदूंचा, १९१२ सालीं मुसलमानांचा आणि १९३७ सालीं उरलेल्या जमातींचा संघ त्यांत मिळून तिरंगी, चौरंगी व पंचरंगी सामने झाले. नागपुरांत १८९५ सालीं जन्मलेले सी. के. नायडू हे १९१६ सालीं हिंदूंच्या संघांतून याच सामन्यांत प्रथम उतरले. पुढें १९२६ सालीं इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं ११ षट्कारांसह १५३ धावा केल्या, त्याही मुंबईंतच आणि हिंदूंच्याच संघाकडून. गुण नागपूरचा, पण त्याची कसोटी लागावयाची, ती जेथें प्रेक्षक जमत तेथें.

१९३४-३५ सालीं रणजी करंडकाची स्पर्धा निघाली. तिची रचना धर्मावर नव्हे, तर मुख्यतः प्रांतांवर केलेली होती. पहिल्याच वर्षीं उतरलेल्या १५ संघांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांचाही संघ होता. तत्त्वतः हीच रचना श्रेष्ठ, हें विचारी लोकांस मान्य होतें. तथापि गर्दी लोटे ती पंचरंगी सामन्यांना. १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम उघडलें, त्याच सालीं हिंदूंच्या संघानें स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. वाद खेळाचा नव्हता, कोणाच्या वांट्यास प्रेक्षकांच्या किती जागा याव्या, याचा होता. डिसेंबर १९४० मध्यें मुंबईच्या हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ महात्मा गांधींना वर्ध्यास भेटलें, तेव्हां जातवार संघ आपणांस पसंत नाहींत, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. असें असूनही ही स्पर्धा १९४५-४६ पर्यंत टिकली. एका बाजूस गांधीजींचा शब्द आणि दुसऱ्या बाजूस भरलेलें मैदान, अशी ती ओढाताण होती.

जागांचा वाद मात्र तेथेंच संपला नाहीं. ब्रेबोर्न स्टेडियम एका क्लबाचें, आणि सामने भरविणारी मुंबई क्रिकेट संघटना वेगळी; तिकिटांची वांटणी कशी करावी, यावरून दोघांचें वर्षानुवर्षें पटेना. अखेरीस विदर्भांतून विधिमंडळांत गेलेले शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें संघटनेनें हाकेच्या अंतरावर आपलें स्वतःचें स्टेडियम उभारलें आणि जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. एकाच शहरांत दोन प्रचंड मैदानें शेजारींशेजारीं कां, या प्रश्नाचें उत्तर खुर्च्यांच्या हिशोबांत आहे.

आतां अमेरिकेकडे वळावें. तेथील फुटबॉल म्हणजे अंडाकृति चेंडू हातीं धरून धांवण्याचा खेळ. शेजारच्या महाविद्यालयांनीं आपसांत सामने खेळावे म्हणून गट बांधले. त्यांस तेथें कॉन्फरन्स म्हणतात. ‘बिग टेन’ या गटाचा उगम १८९६ सालचा. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं फुटबॉलच्या दूरचित्रवाणी-प्रक्षेपणावर राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेचा मक्ता असणें बेकायदेशीर आहे. तेव्हांपासून हे हक्क महाविद्यालयें व त्यांचे गट स्वतः विकूं लागले, आणि शेजारापेक्षां बाजारभावास महत्त्व आलें.

याचा ताप सोसावा लागला तो बास्केटबॉलला. फुटबॉलचे सामने हंगामांत १२ च्या सुमारास व बहुधा आठवड्यास एक. बास्केटबॉलचे सुमारें ३०. परंतु गट ठरे फुटबॉलच्या उत्पन्नावर. २०२४ सालीं पॅसिफिक किनाऱ्यावरचा जुना गट फुटला. १२ पैकीं १० महाविद्यालयें निघून गेलीं, आणि कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड हें अटलांटिक किनाऱ्याच्या गटांत जाऊन बसलें. बास्केटबॉलच्या मुलामुलींना आतां भर अभ्यासाच्या दिवसांत खंड ओलांडून खेळावयास जावें लागतें. उलट उदाहरणही आहे. १९७९ सालीं बास्केटबॉलकरितां स्थापलेला ‘बिग ईस्ट’ गट फुटबॉलच्या ओढीनें विस्कटला, तेव्हां २०१३ सालीं सात कॅथलिक महाविद्यालयांनीं तें नांव घेऊन वेगळा संसार थाटला. आणि त्यांपैकींच व्हिलानोव्हानें २०१६ व २०१८ सालीं बास्केटबॉलचें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें.

आपल्याकडे तशीच वेळ १९९५ सालीं आली. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारचा मक्ता नाहीं, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणांत दिला. पुढें प्रक्षेपणाचें उत्पन्न तिकिटांच्या उत्पन्नास कोठल्या कोठें मागें टाकून गेलें. तिकिटावर भिस्त असतां मैदान वस्तींत हवें होतें. आतां तें बंधन उरलें नाहीं. सिव्हिल लाइन्समधील ज्या मैदानावर १९६९ सालीं नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला, तें मागें पडून २००८ पासून कसोटी सामने वर्धा रस्त्यावर, विमानतळाच्याही पलीकडे, जामठ्यास होऊं लागले. सायकलवरून सामन्यास जाणारा जुना रसिक त्यांत दुरावला, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु त्याच पैशाची दुसरी बाजूही नागपुरांतच दिसली. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत, तोही मध्य विभागांत, खेळत होता आणि ६० वर्षें त्याच्या हातीं करंडक लागला नव्हता. राष्ट्रीय मंडळाच्या उत्पन्नांतून संघटनेस जो वांटा मिळे, त्यांतून मुलांच्या शिक्षणाची व निवासाची सोय झाली आणि मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. २०१७-१८ सालीं विदर्भानें दिल्लीस हरवून करंडक जिंकला, पुढच्याच वर्षीं तो राखला, आणि २०२४-२५ सालीं केरळाविरुद्ध जामठ्यावरच तिसऱ्यांदा मिळविला. नायडूंना नांव मिळविण्यासाठीं मुंबई गांठावी लागली. या मुलांना तें आपल्या गांवींच मिळालें.

पैसा खेळाचा नकाशा बदलतो, हें १३० वर्षांच्या अनुभवानें सिद्ध आहे. तो एका खेळाच्या पायीं दुसऱ्याची फरफट करतो, तसाच मागें राहिलेल्या प्रांतास वरही काढतो. यांतील कोणतें व्हावें, हें मात्र पैसा ठरवीत नाहीं. वांटा करणारे ठरवितात. म्हणून धावफलकाइतकाच संघटनांचा जमाखर्चही लोकांनीं वाचावयास हवा.