तृतीय-पक्ष लॉजिस्टिक्स

तृतीय-पक्ष लॉजिस्टिक्स म्हणजे मालाची वाहतूक, साठवण, बांधणी व वितरण ही कामे उत्पादक किंवा विक्रेत्या कंपनीने स्वतः न करता कंत्राटाने बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याची पद्धत होय. माल पाठवणारा प्रेषक हा पहिला पक्ष, माल घेणारा दुसरा आणि ही सेवा पुरवणारा तिसरा, यावरून हे नाव पडले. व्यवहारात या पद्धतीस ‘थ्रीपीएल’ म्हणतात. प्रत्येक खेपेचे भाडे ठरवण्यापासून दीर्घ मुदतीच्या करारापर्यंत प्रेषक व पुरवठादार यांचे संबंध बदलत गेले असले, तरी तोट्याची जोखीम कोणी सोसायची हा त्यांतील वादाचा मुख्य मुद्दा राहिला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने ट्रकवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण बरेच सैल केले. भाडे वाटाघाटीने ठरू लागल्याने प्रेषकांना स्वतंत्र करार करणे सोपे झाले. १९९६ मध्ये अँडरसन कन्सल्टिंग (आताची ॲक्सेंचर) या सल्लागार संस्थेने ‘फोरपीएल’ ही संज्ञा पुढे आणली. यात चौथा पक्ष अनेक पुरवठादारांवर प्रेषकाच्या वतीने देखरेख ठेवतो.

भारतातील बदल

भारतात हे संबंध दीर्घकाळ करव्यवस्थेने घडवले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केल्यास केंद्रीय विक्रीकर लागत असे; मात्र माल स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातील गोदामात हलवल्यास ती विक्री ठरत नसे. त्यामुळे कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवत आणि ती स्थानिक ‘सी अँड एफ’ एजंटांकडून चालवून घेत. गोदाम कोठे असावे हे वाहतूकतज्ज्ञापेक्षा करसल्लागारच अधिक ठरवत असे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीची वाढही याच प्रकारची होय: मुंबईला लागून, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हे कारण उरले नाही. लहान गोदामे एकत्र करून मोठी बांधणे परवडू लागले. परंतु मोठ्या गोदामासाठी मांडण्या, यंत्रे व संगणकप्रणाली यांत आधी पैसा गुंतवावा लागतो. तो वसूल होण्यासाठी पुरवठादारास अनेक वर्षांचा करार हवा असतो, तर बाजार फिरल्यास बाहेर पडण्याची मोकळीक प्रेषकास हवी असते. करार मुदतीपूर्वी मोडल्यास न वसूल झालेली गुंतवणूक कोणी भरून द्यायची, यावर म्हणूनच मोठी घासाघीस होते.

कराराचे स्वरूप व दर

सर्वांत सोपा करार ठरावीक दराचा: प्रति खेप, प्रति टन किंवा प्रति खोका. खुल्या हिशेबाच्या करारात पुरवठादार प्रत्यक्ष खर्च दाखवतो व त्यावर ठरलेले शुल्क घेतो. मात्र अशा करारात खर्च कमी करण्याची त्याला फारशी ओढ राहत नाही. त्यावर उपाय म्हणून काही करारांत बचतीतील वाटा दोघांत विभागला जातो.

दर कागदावर स्थिर राहिला तरी बाजार स्थिर राहत नाही. बाजारभाडे करारापेक्षा वर गेले की ठरलेल्या दराने ट्रक मिळत नाहीत; ते खाली आले की प्रेषक नव्या निविदा मागवतो. भारतात ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. त्यामुळे मूळ डिझेलदर नमूद करून त्यातील वाढ-घटीनुसार भाडे बदलण्याचे कलम करारात महत्त्वाचे ठरले.

खालची साखळी

करार दोन कंपन्यांत होत असला तरी माल बहुधा तिसऱ्याच्याच ट्रकमधून जातो. देशातील बहुतांश ट्रक एक ते पाच गाड्यांच्या लहान मालकांचे आहेत. डिझेल, टोल व चालकाचा खर्च त्यांना आधी करावा लागतो. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो आणि बाकी पोच पावती परत आल्यावर. प्रेषकाने पुरवठादारास पैसे उशिरा दिले, तर त्या उधारीचा भार अखेर या मालकांपर्यंत उतरतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा, २००६ नुसार त्याच्या कक्षेतील लहान पुरवठादारांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे.

महाराष्ट्रात चढउताराच्या कामास १९६९ चा माथाडी कायदा लागू होतो. कंत्राटदारामार्फत कामगार लावले असल्यास हा कायदा मुख्य मालकासच नियोक्ता मानतो. म्हणजे काम बाहेर दिल्याने जबाबदारी आपोआप बाहेर जात नाही.

पुरवठादार बदलणे व काम परत घेणे

फेब्रुवारी २०१८ मध्ये केएफसीने ब्रिटनमधील वितरण बिडव्हेस्टकडून काढून डीएचएलकडे दिले. नवी व्यवस्था रग्बी येथील एकाच गोदामावर अवलंबून होती. कोंबडीचा पुरवठा कोलमडला आणि सुमारे ९०० पैकी अर्ध्याहून अधिक उपाहारगृहे काही दिवस बंद राहिली. पुढच्याच महिन्यात उत्तरेकडील उपाहारगृहांचे काम पुन्हा बिडव्हेस्टकडे गेले.

काही मोठे प्रेषक हे काम स्वतःकडेच ठेवतात. ॲमेझॉनने अमेरिकेत स्वतःची वितरणव्यवस्था उभारली. ऑगस्ट २०१९ मध्ये फेडएक्सने तिच्याशी असलेला जमिनीवरील वितरणाचा करार पुढे न वाढवण्याचे ठरवले. भारतात फ्लिपकार्टची इकार्ट ही सेवा आधी घरच्या कामासाठी उभी राहिली आणि नंतर इतरांचाही माल पोहोचवू लागली. महिंद्र समूहाच्या लॉजिस्टिक्स विभागाचीही पुढे बाहेरच्या ग्राहकांना सेवा देणारी स्वतंत्र कंपनी झाली. अशा सेवेमागील समूह प्रेषकाच्याच बाजारात असल्यास कोणता माल, कोठे व किती खपतो ही माहिती प्रतिस्पर्ध्याच्या घरात जाण्याचा धोका असतो. म्हणून माहितीच्या गोपनीयतेची कलमे अशा करारांत विशेष काटेकोरपणे लिहिली जातात.